परिवर्तनवाचक इंग्रजी संज्ञा व त्यांचे मराठी अर्थ

परिवर्तनवाचक इंग्रजी संज्ञा व त्यांचे मराठी अर्थ : एकाच वर्गातील वस्तूंमध्ये परस्परांत दिसणारा भेद आणि एकाच वस्तूत कालानुसार पडणारा पालट या दोन कल्पना व्यक्त करणाऱ्या इंग्रजी शब्दांचा एक मोठा समूह एकोणिसाव्या शतकापासून मराठी भाषिकांच्या व्यवहारात आला. व्हेरिएशन, व्हरायटी, व्हेरिअंट, चेंज, म्यूटेशन, एव्होल्यूशन, रेव्होल्यूशन, रिफॉर्म, कन्व्हर्शन हे त्यांतील प्रमुख शब्द होत. महसूल, कारखानदारी, शेती, धर्म, जीवविज्ञान व अलीकडे वातावरणविज्ञान अशा निरनिराळ्या वाटांनी ते आले आणि प्रत्येक वाटेवर त्यांना वेगळा मराठी प्रतिशब्द मिळाला. त्यामुळे एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत तीन-चार संज्ञा आणि एका मराठी शब्दात तीन-चार इंग्रजी अर्थ, अशी स्थिती आज दिसते. सोलापूर जिल्ह्यात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या भाषा शेजारी-शेजारी नांदतात. गिरणी, कोरडवाहू शेती आणि महसुली दप्तर ही तिन्ही क्षेत्रे तेथे ठळक आहेत. म्हणून या संज्ञांचा इतिहास पाहण्यास तो जिल्हा सोयीचा आहे.

व्हेरिएशन आणि चेंज या दोहोंतील भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. व्हेरिएशनचे मूळ ‘विविध, चित्रविचित्र’ या अर्थाच्या लॅटिन विशेषणात आहे. एकाच वेळी अनेक वस्तू शेजारी ठेवल्या असता त्यांत जो वेगळेपणा दिसतो, तो व्हेरिएशन. चेंजला मात्र काळाची अपेक्षा असते. कालची वस्तू आज तशी राहिली नाही, हे त्यात गृहीत असते. मराठी बोलणारा हा भेद नामाने न दाखविता बहुधा क्रियापदाने दाखवितो. अरबीतून आलेला फरक हा शब्द मुळात ‘वेगळे करणे’ या अर्थाचा आहे. ‘या दोन चादरींत फरक आहे’ असे म्हटले, की व्हेरिएशन झाले. ‘आजाऱ्याच्या प्रकृतीत फरक पडला’ असे म्हटले, की चेंज झाला. शब्द एकच, ‘आहे’ आणि ‘पडला’ यांनी अर्थाची वाटणी केली. बोलीला ही सोय पुरते. शास्त्रीय लेखनाला पुरत नाही, कारण तेथे क्रियापदावाचून नुसती संज्ञा शीर्षकात, कोष्टकात किंवा कायद्याच्या कलमात उभी करावी लागते.

इंग्रजी शब्दांना मराठी अर्थ लावण्याचे पहिले मोठे प्रयत्न कोशकारांनी केले. जेम्स टॉमस मोल्सवर्थ याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. त्यानेच आरंभिलेला आणि टॉमस कँडी याने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. पुढे नीलकंठ बाबाजी रानडे यांचा इंग्रजी-मराठी कोश विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पूर्ण झाला. या कोशांची दृष्टी बोलत्या भाषेची होती. एका इंग्रजी शब्दापुढे जेवढे मराठी शब्द जवळचे वाटतील, तेवढे ते मांडीत आणि निवड वाचकावर सोपवीत. पारिभाषिक कोशांचे ध्येय याहून वेगळे असते. त्यांना एका कल्पनेस एकच शब्द हवा असतो. बडोदे संस्थानचा श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू (१९३१), महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये सुरू झालेल्या भाषा संचालनालयाचे कोश आणि मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रह (१९७३) ही या दुसऱ्या वृत्तीची फळे होत. पहिल्या प्रकारच्या कोशांत वैपुल्य आहे, दुसऱ्यांत शिस्त आहे. परिवर्तनवाचक शब्दांच्या बाबतीत मात्र लोकव्यवहाराने दोन्ही कोशांना बाजूला सारून आपापल्या निवडी केल्या, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बदल हा शब्द त्याचे उत्तम उदाहरण होय. इंग्रजी चेंज फ्रेंचमार्गे ज्या उत्तरकालीन लॅटिन धातूतून आला, त्याचा अर्थ ‘देवघेव करणे, एकाच्या मोबदल्यात दुसरे घेणे’ असा आहे. अरबी बदल याचाही मूळ अर्थ ‘एकाच्या जागी दुसरे’ हाच. म्हणजे परस्परांशी संबंध नसलेल्या दोन भाषाकुलांत पालटाची कल्पना विनिमयाच्या कल्पनेतूनच निघाली. मराठीतील अदलाबदल, मोबदला, बदली हे शब्द तो जुना अर्थ अद्याप सांभाळून आहेत. इंग्रजीतही सुट्या नाण्यांना चेंज म्हणतात. मराठीने मात्र त्या ठिकाणी मोड हा आपला स्वतंत्र शब्द ठेवला आहे. सोलापुरात हा अरबी शब्द तीन भाषांत एकाच वेळी ऐकू येतो. कन्नडमध्ये बदलु व बदलावणे, तर तेलुगूमध्ये बदुलु. तेलुगूत त्याचा अर्थ ‘ऐवजी’, ‘उत्तर’ आणि ‘उसनवार’ असा पसरला असून शुद्ध पालटासाठी तेथे मार्पु हा शब्द आहे. पद्मशाली विणकर कुटुंबातील माणूस घरात बदुलु म्हणतो तेव्हा आणि बाजारात बदल म्हणतो तेव्हा तो एकच शब्द दोन अर्थांनी वापरीत असतो.

सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली आणि तिच्यामागून इतर गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीच्या जगात बदली या शब्दाला एक नवा व कठोर अर्थ आला. कायम कामगार गैरहजर असेल, तर त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरता घेतला जाणारा माणूस तो बदली. पाळी सुरू होण्यापूर्वी हे लोक फाटकाशी उभे राहत. नाव पुकारले गेले तर त्या दिवसाची मजुरी, नाही तर घर. सरकारी नोकराची बदली होते, म्हणजे त्याचे ठिकाण पालटते, पण नोकरी राहते; गिरणी कामगार बदली असतो, म्हणजे त्याची नोकरीच दुसऱ्याच्या गैरहजेरीवर उभी असते. इंग्रजीत पहिल्यास एक व दुसऱ्यास दुसरा शब्द आहे. मराठीत व्याकरणाने तो भेद केला. येथे शब्दाचा प्रवासही उलट दिशेने झाला. १९५३ साली औद्योगिक कलह अधिनियमात कामबंदीच्या भरपाईची तरतूद घालण्यात आली, तेव्हा इंग्रजी मसुद्यात बदली हाच शब्द उचलून त्याची व्याख्या करावी लागली : हजेरीपटावर नाव असलेल्या कामगाराच्या जागी कामास लावलेला तो बदली कामगार, आणि एक वर्षाची अखंड सेवा पुरी होताच तो त्या व्याख्येतून बाहेर पडतो. इंग्रजीला या स्थितीस योग्य शब्द सापडला नाही. सोलापूरच्या मोठ्या गिरण्या टप्प्याटप्प्याने बंद पडल्या. परंतु त्या पिढीच्या बोलण्यात ‘मी बदलीत होतो’ हे वाक्य एक अख्खी आर्थिक अवस्था सांगून जाते.

म्यूटेशन या शब्दाचा मराठी इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ केवळ ‘पालट’ असा. इंग्रजी अमदानीत तो प्रथम महसुली दप्तरात आला. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची पद्धत सुरू झाली. जमिनीवरील हक्क वारसा, खरेदी, वाटणी, गहाण इ. कारणांनी पालटला, की त्याची नोंद म्हणजे म्यूटेशन. उत्तर हिंदुस्थानात त्यास मोगली दप्तरातील दाखल-खारीज हा शब्द रूढ झाला. मराठीने फेरफार स्वीकारला. आज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये गाव नमुना सहा ही फेरफारांची नोंदवही असून सातबारा उताऱ्यावर तिचा अनुक्रमांक दाखविलेला असतो. हक्क मिळविणाऱ्याने गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे, लोकांच्या भाषेत तलाठ्याकडे, वर्दी द्यावयाची. संबंधितांना नोटीस जावयाची. हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत. आणि शेवटी मंडळ अधिकारी वा अन्य सक्षम अधिकारी यांनी नोंद प्रमाणित करावयाची, असा क्रम आहे.

फेरफार या शब्दात एक अडचण दडलेली आहे. बोलण्यात त्याचा दुसरा अर्थ ‘लबाडीने केलेला बदल’ असाही होतो. ‘हिशेबात फेरफार केला’ हे वाक्य आरोपाचे आहे, तर ‘फेरफार मंजूर झाला’ हे दिलाशाचे. वारसाची नोंद वर्षानुवर्षे न झालेली विधवा कचेरीत ‘फेरफार करून द्या’ असे विनविते, तेव्हा ती कायद्याचेच काम मागत असते. पण तिच्या दिराने तोच शब्द उच्चारला, तर गावात त्याचा अर्थ निराळा लागतो. शिवाय एक गैरसमज शब्दानेच पोसला आहे. फेरफार नोंद ही मालकी निर्माण करीत नाही. ती अगोदर झालेल्या हक्कपालटाची केवळ महसुली दखल असते, ही गोष्ट न्यायालयांनी वारंवार सांगितली आहे. तथापि ‘फेर’ या अवयवात प्रत्यक्ष फिरविण्याची क्रिया असल्यामुळे नोंद झाली म्हणजे जमीन फिरली, अशी समजूत खेड्यापाड्यांत दृढ आहे आणि भाऊबंदकीच्या कितीतरी दाव्यांचे मूळ तिच्यात सापडते.

जीवविज्ञानातील म्यूटेशनला मराठीत उत्परिवर्तन म्हणतात. डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस याने १९०१ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा शब्द आनुवंशिक लक्षणांत एकाएकी उद्भवणाऱ्या पालटासाठी योजिला. मराठी परिभाषाकारांनी परिवर्तनास ‘उत्’ हा उपसर्ग लावून महसुली शब्दाशी त्याचा संबंध तोडला, हे योग्यच झाले. करोनाच्या साथीत या संज्ञांची कसोटी लागली. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रातील रुग्णांच्या नमुन्यांत आढळलेल्या विषाणूचे वर्णन ‘डबल म्यूटंट’ असे झाले आणि वृत्तपत्रांनी उत्परिवर्तन, नवा प्रकार, नवा अवतार, व्हेरिअंट हे शब्द एकमेकांऐवजी वापरले. वस्तुतः उत्परिवर्तन ही जनुकीय रचनेत घडणारी एक घटना आहे, तर व्हेरिअंट म्हणजे अशा घटना अंगी घेऊन वाढलेला विषाणूचा वेगळा कूळप्रवाह. पहिला शब्द चेंजच्या घराण्यातील, दुसरा व्हेरिएशनच्या. जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी महत्त्वाच्या प्रकारांना ग्रीक अक्षरांची नावे दिली, तेव्हा हा गोंधळ काहीसा थांबला.

क्रांती आणि उत्क्रांती या जोडीचा इतिहास आकाशात सुरू होतो. संस्कृत ज्योतिषात क्रांती म्हणजे विषुववृत्तापासून ग्रहाचे उत्तर-दक्षिण अंतर, आणि सूर्याचा भासमान मार्ग ते क्रांतिवृत्त. त्याच धातूपासून संक्रांती. सोलापूरच्या सिद्धेश्वराची नंदीध्वजांची यात्रा मकरसंक्रांतीस भरते, ती सूर्याच्या याच राश्यंतरावर. युरोपातही रेव्होल्यूशन हा शब्द ग्रहांच्या परिभ्रमणाचा होता. कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथाच्या नावातच तो आहे. पुढे तो राज्यव्यवस्था उलथून टाकण्याच्या अर्थी रूढ झाला. मराठी लेखकांनी राज्यक्रांती हा शब्द घडविला, तेव्हा त्यांनी इंग्रजी शब्दाची ही वाटचाल जाणून अनुकरण केले, की ‘क्रम्’ धातूतील ओलांडण्याचा अर्थ घेतला, हा प्रश्न चर्चेचा आहे. फळ मात्र दोन्हीकडे सारखे आले.

उत्क्रांतीची कथा याहून वेगळी. उपनिषदांत व ब्रह्मसूत्रांत उत्क्रांती म्हणजे देह सोडून प्राणाचे वर निघून जाणे, अर्थात मृत्यूसमयीची अवस्था. जीवसृष्टीच्या घडणीसाठी मराठीने नेमका हा शब्द घेतला, तो ‘वर चढत जाणे’ या अवयवार्थाच्या ओढीने. या अर्थाने तो गुजरातीतही आहे. हिंदीत क्रमविकास, बंगालीत बिबर्तन म्हणजे विवर्तन. मराठी विश्वकोशातील जीवविज्ञानविषयक नोंदींत क्रमविकास ही संज्ञा योजिली गेली, शालेय पाठ्यपुस्तकांत मात्र उत्क्रांतीच टिकली. माझ्या मते उत्क्रांतीतला ‘वर’ हा उपसर्ग विज्ञानाच्या दृष्टीने दिशाभूल करणारा आहे, कारण जीवांतील पालटास वरची वा खालची अशी नेमलेली दिशा नसते. जंत किंवा अंध गुहामत्स्य यांनी इंद्रिये गमावली, तीही त्याच प्रक्रियेने. क्रमविकासातील विकासही या दोषातून सुटत नाही. चार्ल्स डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत एव्होल्यूशन हे नाम मुळी वापरलेच नव्हते. त्याने ‘पालटासह वंशपरंपरा’ अशा आशयाचा शब्दप्रयोग पसंत केला होता. बंगाली शब्द घेतला असता, तर मराठीत आणखीच पंचाईत झाली असती. वेदान्तात विवर्त म्हणजे दोरीवर साप भासावा तसा खोटा पालट. दुधाचे दही व्हावे तसा खरा पालट तो परिणाम. सांख्य आणि अद्वैती यांचा शतकानुशतकांचा वाद याच भेदावर चालला. आधुनिक मराठीत मात्र परिणाम म्हणजे एखाद्या कारणाचे फळ आणि विवर्तन म्हणजे प्रकाशाचा कडेशी होणारा प्रसार. पालटासाठी तयार असलेल्या दोन सूक्ष्म संज्ञा अशा रीतीने अन्य कामांस लावल्या गेल्या.

‘अंतर’ हे उत्तरपद घेऊन मराठीने शब्दांची एक टांकसाळच उघडली : रूपांतर, भाषांतर, स्थलांतर, स्थित्यंतर, धर्मांतर. येथे अंतर म्हणजे ‘दुसरे’. इंग्रजी ‘अदर’ त्याच मूळ शब्दकुलातील आहे. या टांकसाळीतील एक नाणे मात्र विचित्र रीतीने झिजले. संस्कृतात पाठांतर म्हणजे ग्रंथातील दुसरा पाठ, अर्थात व्हेरिअंट. मराठीत पाठांतर म्हणजे घोकून तोंडपाठ करणे, जेथे अक्षराचाही पालट चालत नाही. म्हणून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारत-संशोधनाविषयी (१९१९–६६) मराठीत लिहिताना पाठभेद हाच शब्द वापरावा लागतो.

धर्मांतराच्या बाबतीत शब्दाची निवड ही सामाजिक भूमिका झाली. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या काळात कन्व्हर्शनला लोकांनी बाटणे हा शब्द लावला. त्यात विटाळाची कल्पना होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे केलेल्या घोषणेनंतर धर्मांतर हा शब्द सार्वजनिक चर्चेत प्रतिष्ठित झाला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दीक्षा झाल्यावर त्याच्या जोडीला धम्मदीक्षा आला. त्या दिनाचे नाव धम्मचक्र प्रवर्तन दिन असे आहे. पुष्कळदा बोलताना व फलकांवर ते ‘परिवर्तन’ असे होते. प्रवर्तन म्हणजे गती देणे, चक्र पुढे चालविणे. बुद्धाच्या सारनाथ येथील पहिल्या उपदेशास हेच नाव आहे. परिवर्तन म्हटल्याने चक्रच पालटले असा अर्थ होतो. चूक एका अक्षराची दिसते, पण तिच्यामुळे एका प्राचीन परंपरेशी जोडलेला धागा तुटून केवळ धर्म बदलल्याची घटना उरते.

रिफॉर्मला सुधारणा हा प्रतिशब्द सर्वमान्य झाला. एकोणिसाव्या शतकात तो सिव्हिलायझेशनचेही काम करी. सुधारलेली राष्ट्रे हा तत्कालीन निबंधांतील नित्याचा प्रयोग आहे. गोपाळ गणेश आगरकर यांच्या सुधारक पत्राने (१८८८) सामाजिक अर्थ पक्का केला. कायद्याच्या मसुद्यातील बदलास दुरुस्ती व सुधारणा हे दोन्ही शब्द चालतात आणि त्यांत ठाम भेद केला जात नाही.

व्हरायटीचा शेतीतील प्रतिशब्द वाण हा होय आणि तो पूर्णपणे लोकभाषेतून आला आहे. प्राणी व वनस्पती यांच्या वर्गीकरणात मराठी परिभाषेने जाती व प्रजाती असा क्रम लावला असून प्रजाती हा वरचा गट आहे. हिंदीत प्रजाति म्हणजे मराठीतील जाती. हिंदी मजकुरावरून घाईने केलेल्या भाषांतरांमुळे वृत्तपत्रांतून ही पातळी नेहमी घसरते. वाण त्यातून सुटला, कारण तो शेतकऱ्याचा आहे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथील संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हा रब्बी वाण काढण्यात आला व तो दीर्घकाळ दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात टिकून राहिला. डाळिंबात सोलापूर येथील राष्ट्रीय संशोधन केंद्राने (स्थापना २००५) ‘सोलापूर लाल’ हा संकरित वाण दिला. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमानुसार नव्या वाणाची नोंद होण्यास तो इतरांहून वेगळा, आपल्यात एकसारखा आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिर असावा लागतो. म्हणजे कायद्याला व्हेरिएशन हवे, पण चेंज नको. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातील शेतकऱ्याचे घरचे बियाणे नेमके या अटीत बसणे कठीण जाते. त्यात कणसाकणसाला थोडा भेद असतो आणि अवर्षणाच्या साली तोच भेद त्याला काही पीक हाती देतो.

गणितात व्हेरिएशनला चलन म्हणतात. समचलन व व्यस्त चलन हे शालेय पाठ्यपुस्तकांतील भाग आहेत. नोटा व नाणी यांनाही चलनच म्हणतात. संदर्भ दूरचे असल्याने येथे सहसा घोटाळा होत नाही.

हवामानाच्या बाबतीत मात्र घोटाळा मोठा आहे. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो; वार्षिक पाऊस सरासरी सुमारे ५५० मिमी. असून त्यात वर्षागणिक मोठी चढउतार असते. १८७६–७८ चा दुष्काळ व १९७२ चे अवर्षण जिल्ह्याच्या स्मरणात आहे. या चढउतारास शेतकरी पावसाचा लहरीपणा म्हणतो व तो शब्द इंग्रजीतील व्हेरिअबिलिटीच्या अर्थास अगदी जवळचा आहे. याउलट सरासरीच सरकली, तर तो चेंज. त्यासाठी रूढ प्रथेनुसार तीस-तीस वर्षांच्या नोंदींची तुलना करतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या हवामानविषयक करारात तर नैसर्गिक चढउतारापलीकडे मानवी व्यवहारांमुळे होणाऱ्या पालटासच ही संज्ञा दिली आहे. मराठीत दीर्घकालीन स्थितीसाठी जलवायुमान हा वेगळा शब्द सुचविला गेला, पण तो ग्रंथांतच राहिला. हवामान या एकाच शब्दाने आजचा ढग आणि तीस वर्षांची सरासरी अशी दोन्ही ओझी उचलली. २०२० मध्ये राज्य शासनाने पर्यावरण विभागाच्या नावात वातावरणीय बदल हे शब्द घातले; वृत्तपत्रे हवामान बदल लिहितात. एखाद्या अवकाळी गारपिटीनंतर द्राक्षबागाईतदार ‘हवामानात बदल झाला’ म्हणतो, तेव्हा तो त्या दिवसाविषयी बोलत असतो. अहवालात ‘हवामान बदल’ असते, तेव्हा ते शतकाविषयी असते. या दोन अर्थांमध्ये मराठीने सध्या एका सप्तमीच्या प्रत्ययाएवढेच अंतर ठेवले आहे.